घरच्या पूलचे पाणी: गोव्यात पावसाळ्याआधी काय तपासावे?

चिरेबंदी | २० मे, सकाळी

नमस्कार मंडळी. बार्देसमध्ये हळदोण्याला आमचे घर आहे. मागच्या पोरसात पूल आहे, ८ मीटर बाय ४ मीटर. एका टोकाला कमरेएवढे पाणी, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून; सरासरी खोली १.४ मीटर धरतो, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर. पाणी आमच्याच चिऱ्याच्या विहिरीचे. चवथीला सगळी भावंडे येतात आणि त्यांची मुले सकाळी उठल्यापासून पाण्यातच असतात. म्हणून वेळेवर विचारतोय.

गेला महिनाभर भिंतीवर हिरवा बुळबुळीत थर येतो. घासला की निघतो, चार दिवसांत परत हजर. क्लोरीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात बाराही महिने असतात. देखभाल करणारा माणूस म्हणतो की अजून दोन गोळ्या टाका. पण चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन कमी दिसत नाही. आज सकाळी आलेले आकडे देतो (पीएच सोडून सगळे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम):

फ्री क्लोरीन ३
पीएच ६.८
टोटल अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) ६०
कॅल्शियम हार्डनेस (विरघळलेला चुना) ६० च्या आसपास
सायन्युरिक ॲसिड: पट्टीवरचा रंग शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद

अजून एक गोष्ट. टाइल्सच्या सांध्यातला ग्राउट बोटाने चोळला तर पांढरी रेव हाताला लागते. उथळ टोकाच्या पायऱ्यांवर हे जास्त आहे. दोन्हींचा काही संबंध आहे का? आणि पूल पूर्ण रिकामा करून नवे पाणी भरले तर सुटेल का?

---

सासष्टीवाला | २० मे, दुपारी

गोळ्या वाढवू नका. आधी सायन्युरिकचा खरा आकडा काढा, पट्टीवर तो नीट कळत नाही. आणि पूर्ण रिकामा तर अजिबात करू नका, त्याचे कारण नितळकाका सांगतील. त्यांनी पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढले आहे.

---

नितळ | २० मे, रात्री

चिरेबंदी, आकडे दिलेत हे फार बरे केलेत. नुसता फोटो टाकून "पाणी हिरवे झाले, काय टाकू" असे विचारले की सगळे अंदाजावर जाते.

तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ त्या गोळ्यांत आहे. बाजारात टीसीसीए ९० म्हणून मिळतात, म्हणजे ट्रायक्लोर. या गोळीत क्लोरीन सायन्युरिक ॲसिडला बांधलेले असते. क्लोरीन जंतू मारण्यात खर्च होते, उन्हात उडते. सायन्युरिक मात्र तिथेच राहते. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी बाहेर गेले तरच त्याच्याबरोबर जाते. हिशेब सोपा आहे: गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिले की सायन्युरिक ६ पीपीएमने चढते. उन्हाळ्यात दिवसाला २ पीपीएम क्लोरीन लागते असे धरले तर महिन्याला ३६ ची भर. नोव्हेंबर ते मे पाऊस नाही, ओव्हरफ्लो नाही. आता काय झाले असेल ते बघा.

सायन्युरिक मुळात गरजेचे आहे. ते नसेल तर आपल्याकडच्या उन्हात सकाळी टाकलेले क्लोरीन दुपारपर्यंत बहुतेक संपते. ३० ते ५० पीपीएम असले की क्लोरीन टिकते. त्याहून बरेच वर गेले की ते क्लोरीनला इतके धरून ठेवते की क्लोरीनचे काम मंदावते. मोजणीत क्लोरीन ३ दिसते, कारण चाचणीच्या रसायनाला ते बांधलेले क्लोरीनही मिळते. शेवाळाला मात्र त्याचा पुरेसा मार बसत नाही. ठोकताळा असा ठेवा: फ्री क्लोरीन हे सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के हवे. सायन्युरिक ४० असेल तर ३ पुरते. १२० असेल तर ९ लागेल.

आता सायन्युरिक मोजायचे कसे. थेंबांच्या किटमध्ये तळाला काळा ठिपका असलेली उभी नळी मिळते. पूलचे पाणी आणि मेलामाइनचे द्रावण सम प्रमाणात मिसळायचे, हलवून थोडा वेळ ठेवायचे. पाणी दुधाळ होते. मग उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेजवळ धरून, वरून बघत हळूहळू ओतत जायचे. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. ठिपक्याकडे टक लावून बसलात तर डोळा तो शोधून काढतोच. नजर टाकायची, दिसला नाही तर तोच आकडा. तुमचे १०० च्या वर आहे, म्हणून नमुन्यात निम्मे विहिरीचे पाणी घाला आणि येणारा आकडा दुप्पट करा. उद्या करून सांगा, पुढचे मग बोलू.

---

जुनाजाणता | २१ मे, सकाळी

एवढे कशाला? आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी दोन किलो ब्लीचिंग पावडर टाकतात आणि रविवारी पाणी काचेसारखे असते. विहिरीतही तेच टाकतो. आकड्यांच्या मागे लागून माणूस थकतो.

---

रश्मी_फोंडा | २१ मे, सकाळी

जुनाजाणता दादा, पाणी नितळ दिसणे आणि सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी क्लोरीन भरपूर असेल, पण गुरुवारी किती असते ते कधी मोजले आहे का? मुले गुरुवारीही पोहतात. क्लोरीन १ पीपीएम आणि पीएच ७.५ असेल तर ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला ४५. क्लोरीन शून्य असेल तर हे सगळे पाण्यात मजेत राहतात.

शिवाय विहिरीत टाकतात ती साधी ब्लीचिंग पावडर चुन्याने भरलेली असते, तिचा गाळ पूलच्या तळाशी आणि फिल्टरच्या वाळूत बसतो. पूलसाठी कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे वेगळे मिळतात, ६५ ते ७० टक्क्यांचे. किमतीला महाग वाटतात, पण साध्या पावडरीच्या निम्म्याने पुरतात.

---

चिरेबंदी | २२ मे, सकाळी

थेंबांचा किट पणजीहून आणला. सायन्युरिक: निम्मे पाणी घालून ६० आले, म्हणजे १२०. दोनदा केले, दोन्ही वेळा तेच. फ्री क्लोरीन आणि पीएच पट्टीसारखेच आले.

---

नितळ | २२ मे, रात्री

अंदाज होताच. आता ग्राउटचे बघू.

ट्रायक्लोर आम्लधर्मी आहे. प्रत्येक गोळी पीएच खाली ओढते आणि अल्कलिनिटी खाते. आपल्या चिऱ्याच्या विहिरीचे पाणी आधीच मऊ आणि किंचित आंबट. त्यात चुना जवळजवळ नसतोच. म्हणजे तुमच्या पूलमध्ये दोन्ही बाजूंनी आम्ल येतेय आणि ते सोसणारे काही नाही.

तुमची अल्कलिनिटी ६० दिसते, पण त्यात सायन्युरिकचाही वाटा मोजला जातो. ७.५ च्या आसपासच्या पीएचला सायन्युरिकचा साधारण एक तृतीयांश वजा करायचा, ६.८ ला त्याच्या निम्माच. म्हणजे तुमची खरी कार्बोनेट अल्कलिनिटी ४० च्या आसपासच आहे. पाण्याला चुना हवा असतो, पाण्यात नसेल तर ते तो सिमेंटातून घेते. पायऱ्यांवरची रेव म्हणजे ग्राउटमधला सिमेंट विरघळून मागे उरलेली वाळू. लँगेलिअर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली यासाठी एक निर्देशांक मांडला. पीएच, तापमान, अल्कलिनिटी आणि कॅल्शियम यांवरून पाणी चुना सोडेल की खाईल ते त्यातून कळते. पूलसाठी तो उणे ०.३ ते अधिक ०.३ च्या दरम्यान हवा. तुमचा उणे दीडच्याही खाली आहे. गोव्यात मी पाहिलेल्या बहुतेक पूलचे दुखणे हेच. लोक क्लोरीनवर डोळा ठेवतात आणि टाइल्स सुटायला लागल्या की टाइलवाल्याला बोलावतात.

काय करायचे:

गोळ्यांचा डबा आजच बाहेर काढा. एक तृतीयांश पाणी काढा, म्हणजे साधारण १५ हजार लिटर. फिल्टरचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह वेस्टवर (पाणी थेट बाहेर) ठेवून काढलेत की झाले. पाणी झाडांना किंवा शेताच्या पाटात सोडण्याआधी क्लोरीन शून्य झालेय का बघा. विहिरीने परत भरा. सायन्युरिक ८० वर येईल, मग क्लोरीन ६ ठेवावे लागेल. शेवाळ जाईपर्यंत त्याच्याही वर ठेवा, रोज घासा, पंप चालू ठेवा, आणि तोवर पाण्यात कोणी उतरायचे नाही.

पूर्ण रिकामा का नाही: पूलच्या खाली आणि भोवती जमिनीतले पाणी असते. आत पाणी असले की वजनाने टाकी बसून राहते. रिकामी केली आणि जमिनीतले पाणी चढले की टाकी वर उचलली जाते, तडे जातात. मे अखेरीस काम काढायचे आणि पाऊस गाठायचा, यात मोठा धोका आहे. खाजनाजवळ (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळ) आणि किनारपट्टीत तर उन्हाळ्यातही नको.

भरून झाल्यावर पुन्हा मोजा आणि अल्कलिनिटी ४० ने वाढवा. खायचा सोडा वापरा. १० हजार लिटरला १० पीपीएम वाढवायला सुमारे १७० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ३ किलो. निम्मा आज, निम्मा उद्या. पीएच सोड्याने थोडा चढेल. परतीच्या नळांची (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये सोडणाऱ्या) तोंडे वर वळवून पाणी फेसाळत ठेवलेत तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन आणखी चढेल. धुण्याचा सोडा टाकायची घाई नको, तो पीएच एकदम वर फेकतो.

नंतर कॅल्शियम. ६० वरून २०० ला न्यायला कॅल्शियम क्लोराइडचे ७७ टक्क्यांचे फ्लेक्स नऊ किलोच्या आसपास.

---

रश्मी_फोंडा | २३ मे, सकाळी

काका, शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. जूनच्या तोंडावर नऊ किलो कॅल्शियम क्लोराइड टाकायचे आणि जुलैत ते ओव्हरफ्लोने गटारात घालवायचे? आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. यांच्या पूलचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. म्हणजे हंगामात ९६ हजार लिटर पावसाचे पाणी थेट पूलमध्ये, पूलच्या दुप्पट. त्या पाण्यात ना कॅल्शियम, ना अल्कलिनिटी, ना सायन्युरिक, आणि पीएच साडेपाचच्या आसपास.

यात एक फायदाही आहे. सायन्युरिक कमी करायला तेच पाणी फुकट मिळते. मात्र पावसाचे पाणी वरच तरंगून वरूनच वाहून जाते, म्हणून जोराच्या सरीच्या वेळी पंप चालू हवा. शक्य असेल तर पाऊस येण्याआधी तळाकडून थोडे पाणी वेस्टला काढून जागा करून ठेवावी.

आणि क्लोरीनसाठी पावसाळाभर हायपोक्लोराइटचे दाणे वापरा. त्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिले की कॅल्शियम ७ ने वाढते आणि पीएच वर राहतो. ज्यांचे पाणी कठीण आहे त्यांना हीच गोष्ट त्रासाची, पण आपल्या मऊ पाण्याला ती हवीच आहे. कॅल्शियम क्लोराइड ऑक्टोबरात टाकावे.

पण एक गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा. हे दाणे गोळ्यांच्या डब्यात कधीही टाकायचे नाहीत. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले आणि त्यात थोडी ओल लागली की आग लागते, स्फोट होऊ शकतो. डबा धुतला असला तरी नाही. मापाचा कप वेगळा, साठवायची जागा वेगळी. हायपो (म्हणजे हायपोक्लोराइट, दाणे असोत की द्रव) आणि ॲसिड यांचेही तसेच. दोन्ही एकत्र आली की क्लोरीनचा वायू सुटतो. पंपाच्या छोट्या खोलीत ही सगळी रसायने एकावर एक रचलेली मी इतक्या घरांत पाहते की जीव घाबरा होतो. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

---

नितळ | २३ मे, दुपारी

रश्मीताई, पटले. कॅल्शियम क्लोराइड पावसाळ्यानंतर. चिरेबंदी, त्यांचे ऐका. दाणे बादलीत विरघळवून, गाळ बसू देऊन, वरचे पाणी संध्याकाळी पूलभर फिरून ओता. टाइलवर कोरडे दाणे पडले तर तिथला रंग उडतो.

---

मालती_डिचोली | २६ मे, दुपारी

चांगला धागा. आमची अडचण वेगळी. विहिरीचे पाणी भरताना स्वच्छ असते, तळ दिसतो. क्लोरीन टाकले की दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखे! आणि पायऱ्यांवर तांबूस डाग. क्लोरीन खराब आहे का?

---

नितळ | २६ मे, रात्री

क्लोरीन चांगले आहे, पाण्यात लोह आहे. तुमच्या भागात ते असणारच. विरघळलेले लोह दिसत नाही. क्लोरीन लागले की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस दिसते.

भरण्याआधी बादलीभर विहिरीच्या पाण्यात द्रव हायपोचे काही थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबडी साय दिसली तर ते पाणी थेट पूलमध्ये सोडू नका. वरच्या टाकीत उंचावरून फवाऱ्याने पाडा, थोडे क्लोरीन द्या, एक दिवस बसू द्या आणि वरचे पाणी घ्या. आधीच पूलमध्ये गेलेले लोह तुरटीने खाली बसवता येते. संध्याकाळी तुरटी फिरवून पंप बंद, सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने वेस्टला काढायचा. फिल्टरमधून नाही, नाहीतर तो फिरून परत येतो. तुरटी अल्कलिनिटी खाते, हे लक्षात ठेवून नंतर मोजा.

डाग लोहाचा आहे का बघायचे असेल तर व्हिटॅमिन सी ची साधी गोळी डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. गोळीखालचा गोल फिकट झाला तर लोहच.

---

मालती_डिचोली | २८ मे, सकाळी

काका, गोळी धरली त्या जागी पांढरा गोल उमटला! बादलीतही साय आली. टाकीला फवारा बसवायला माणूस बोलावला आहे.

---

कुळागरकर | ३० मे, सकाळी

आमच्याकडे सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतो, त्यामुळे मोरचूद घरात असतेच. गडी म्हणतो की मूठभर पूलमध्ये टाका, शेवाळ येणारच नाही. शेजारच्या फार्मस्टेमध्येही टाकतात. टाकू का?

---

रश्मी_फोंडा | ३० मे, दुपारी

नको. शेवाळ मरते हे खरे, पण मोरचुदातले तांबे पाण्यात साठत जाते, सायन्युरिकसारखेच. पीएच वर गेला की ते टाइलवर निळसर-काळे बसते. सोनेरी किंवा पांढऱ्या केसांना हिरवी छटा येते ती क्लोरीनने नाही, तांब्याने येते. आणि मोरचूद जंतूंच्या बाबतीत क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही; तुमच्याकडे पाहुणे मुलांना घेऊन येतात, त्यांच्या पाण्यात क्लोरीनच हवे. मोरचूद बागेत राहू दे.

---

सासष्टीवाला | ६ जून, रात्री

सॉल्ट क्लोरिनेटरबद्दल कोणी बोलले नाही म्हणून. आमच्याकडे तो आहे, पाण्यात मीठ ३५०० पीपीएमच्या आसपास लागते. काही जणांना वाटते की हा बिनक्लोरीनचा पूल. तो क्लोरीनचाच आहे, फक्त मिठातून जागेवर तयार होते. गोळ्या नाहीत म्हणून सायन्युरिक चढत नाही, हा मोठा फायदा. पण पीएच सतत वर चढतो. आठवड्याला थोडे ॲसिड द्यावेच लागते, आणि ॲसिड दिले की अल्कलिनिटी उतरते, म्हणून तिच्यावरही नजर हवी.

पावसात मीठ उतरले की मशीनचा दिवा लागतो. जुलैत मिठाच्या गोणी ओतू नका, पुढच्या आठवड्यात तेही वाहून जाते. मशीन मंद करून हायपो वापरा आणि पावसाळा सरल्यावर मीठ भरा. ४५ हजार लिटरला ५०० पीपीएम वाढवायला साडेबावीस किलो. आणि किनाऱ्याजवळ ज्यांची विहीर मे महिन्यात मचूळ होते त्यांनी भरण्याआधी मिठाचे प्रमाण मोजावे.

---

पुण्यातून_गोवा | १२ जून, सकाळी

आमचे शिवोलीचे घर जून ते ऑगस्ट बंद असते. राखणदार आठवड्यातून दोनदा येतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये उघडले तर पाणी गडद हिरवे आणि डासांच्या अळ्या. शेजाऱ्यांना किती त्रास झाला असेल याचेच वाईट वाटत राहिले. दुरून कसे सांभाळायचे?

---

सासष्टीवाला | १२ जून, दुपारी

पंपाला टायमर लावा, दिवसाला सहा ते आठ तास. गोव्यात पावसात वीज जाते-येते, म्हणून बॅटरीचा आधार असलेला टायमर घ्या, नाहीतर घड्याळ मागे पडते आणि कोणाला कळत नाही. राखणदाराला थेंबांचा साधा किट द्या, क्लोरीन आणि पीएच एवढाच. नळ्या नेहमी त्याच पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून, सावलीत फोटो काढायला सांगा. रंग तुम्ही इकडून वाचायचा आणि किती हायपो टाकायचे ते तुम्ही सांगायचे. १० टक्के द्रव हायपो १० हजार लिटरला १०० मिली म्हणजे १ पीपीएम. हायपो थोडे थोडे आणा. उष्णतेने त्याची ताकद उतरते, बरेच दिवस पडलेला कॅन कमजोर झालेला असतो.

फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुवायची. स्वच्छ असतानाचा तो आकडा मार्करने फिल्टरच्या टाकीवर, डायलशेजारी लिहून ठेवा.

---

रश्मी_फोंडा | १२ जून, रात्री

पट्ट्या वापरणाऱ्यांसाठी भर: पावसाळ्यात पट्ट्यांच्या बाटलीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने त्या खराब होतात आणि भलतेच रंग दाखवतात. ओल्या हाताने पट्टी काढू नका. आणि नमुना वरवरचा घेऊ नका, हात कोपरापर्यंत बुडवून, परतीच्या नळापासून लांब घ्या. पावसानंतर लगेच वरचे पाणी घेतले तर तुम्ही पाऊसच मोजता.

पिवळा रंग येणारा जुना ओटीओ किट असेल तर त्यात फ्री आणि वापरून झालेले क्लोरीन एकत्रच दिसते. गुलाबी रंगाचा डीपीडी घ्या. फ्री आणि टोटल यांतला फरक ०.४ च्या वर गेला तर पाण्याला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाले, पण तो वास घाम आणि लघवीशी झगडून संपलेल्या क्लोरीनचा असतो. त्याला उलट अधिक क्लोरीन लागते, त्या फरकाच्या दहापट.

---

पुण्यातून_गोवा | ५ जुलै, सकाळी

राखणदाराने आज फोटो पाठवला. क्लोरीनच्या नळीत रंगच नाही, पूर्ण पांढरी. पीएचची नळी मात्र जांभळी, तक्त्यात तो रंगच नाही. काल त्याने हायपो टाकले होते. अजून टाकायला सांगू?

---

नितळ | ५ जुलै, सकाळी

थांबा, टाकू नका! बहुधा क्लोरीन खूप जास्त झाले आहे. १० पीपीएमच्या वर गेले की डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि नळी शून्यासारखी दिसते. पीएच दाखवणारा फिनॉल रेडही तेव्हा जांभळा होतो, तो पीएच खरा नसतो. एक भाग पूलचे पाणी आणि चार भाग बाटलीबंद पाणी घेऊन पुन्हा करायला सांगा, आकडा पाचने गुणा. पहिला थेंब पडताना क्षणभर गुलाबी चमकून गेले का तेही विचारा.

---

पुण्यातून_गोवा | ५ जुलै, दुपारी

गुलाबी झाले, ३ दाखवते, म्हणजे १५. आणि हो, पहिल्या थेंबाला रंग येऊन गेला म्हणाला. हायपो बंद ठेवायला सांगितले. खूप आभार.

---

चिरेबंदी | २ ऑगस्ट, सकाळी

सगळ्यांना हिशेब देतो. मे अखेरीस एक तृतीयांश पाणी काढून भरले, सोडा दोन दिवसांत घातला, डबा फेकून दिला. जूनपासून हायपोक्लोराइटचे दाणे, संध्याकाळी, बादलीत विरघळवून. मोठ्या पावसानंतर अल्कलिनिटी ५० पर्यंत उतरायची, तेव्हा किलो-दीड किलो सोडा. शेवाळ जूनच्या मध्यापासून नाही. आजचे आकडे:

फ्री क्लोरीन ४, टोटलही ४
पीएच ७.४
अल्कलिनिटी ७५
कॅल्शियम ९०
सायन्युरिक ४०

सायन्युरिक ८० वरून ४० वर पावसानेच आणले, माझा एक रुपया गेला नाही. पायऱ्यांवर बोट फिरवले, रेव लागत नाही. जिथे ग्राउट गेला आहे तिथे ऑक्टोबरात भरून घेईन.

आता चवथीचा प्रश्न. दहा-बारा मुले दिवसभर असतील. काय वेगळे करू?

---

नितळ | २ ऑगस्ट, रात्री

सुंदर आकडे आहेत. कॅल्शियम क्लोराइड ऑक्टोबरात ग्राउट भरून झाल्यावर टाका. फ्लेक्स पाण्यात घालताना बादली चांगलीच तापते, प्लास्टिकची पातळ बादली घेऊ नका. आणि सोडा घातला त्याच दिवशी कॅल्शियम नको, पाणी दुधाळ होते.

---

रश्मी_फोंडा | ३ ऑगस्ट, सकाळी

आदल्या संध्याकाळी क्लोरीन ५ पर्यंत न्या, सकाळी मुले उतरण्याआधी मोजा. प्रत्येक मुलाने आधी साबणाने अंघोळ करूनच उतरायचे; अंगावरचे तेल आणि घाम बाहेर राहिला की क्लोरीन मुलांसाठी उरते. तासाभराने सगळ्यांना बाहेर काढून शौचालयात पाठवा. दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा मोजा, ३ च्या खाली असेल तर हायपो देऊन, पंप चालू ठेवून, मुले जेवेपर्यंत मिसळू द्या.

एका बाबतीत अजिबात भीड ठेवू नका. ज्या मुलाला जुलाब होत आहेत किंवा नुकतेच होऊन गेले आहेत, त्याला पाण्यात सोडू नका, कितीही रडले तरी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी १ पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून जास्त जगतो, त्याच्यापुढे तुमचे ४ किंवा ५ पुरत नाही. त्याचे जुलाब असतील तर ते थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरायचे नाही. भावंडांना निघण्याआधीच फोनवर सांगून ठेवा, म्हणजे दारात आल्यावर मुलाला नाही म्हणावे लागणार नाही.

वीज कडाडली की सगळे बाहेर. आणि मुले गेल्यावर पंप रात्रभर चालू ठेवा, फ्री आणि टोटल दोन्ही मोजा. फरक आला तर त्याच रात्री त्याच्या दहापट क्लोरीन द्या, सकाळपर्यंत थांबू नका.

---

चिरेबंदी | ३ ऑगस्ट, दुपारी

ताई, फोन आजपासूनच सुरू करतो. धाकट्या बहिणीचा मुलगा गेल्या आठवड्यात आजारी होता, तिला आधी विचारतो.